रंगभवन ते दशावतार : मुंबईच्या एका डेथ मेटल बँडचा इतिहास

आमच्या कुर्डुवाडीत ‘बँड’ म्हटले की लग्नातला बँड. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, युफोनियम, साइड ड्रम आणि पुढे झगमगता डगला घातलेले मास्तर. गेली अठरा वर्षे मी सोलापूर जिल्ह्यातल्या अशा बँडपथकांची माहिती जमवतो आहे. माझे संगीताचे शिक्षण नाही. दुकान सांभाळून, रविवारी एस.टी. पकडून गावोगाव जायचे, जुन्या वादकांशी बोलायचे, वह्या भरायच्या, एवढाच माझा अभ्यास.

२०१७च्या दिवाळीत मुंबईहून भाचा आला. माझ्या वह्या चाळता चाळता म्हणाला, “मामा, तुम्ही बँडवर लिहिता ना, मग हाही बँड ऐका.” त्याने मोबाइल लहान स्पीकरला जोडला. दोन मिनिटांत सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि मिक्सरमध्ये चमचा राहिला का, असे विचारू लागल्या. खरे सांगायचे तर मलाही वेगळे काही वाटले नव्हते. पण गाण्यांची नावे वाचली आणि मी चष्मा लावला. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध, कल्की. अल्बमचे नाव ‘दशावतार’. बँडचे नाव ‘डिमॉनिक रिझरेक्शन’, गाव मुंबई, स्थापना २०००. प्रकार डेथ मेटल.

दशावतारावर डेथ मेटल कसे काय, या कुतूहलापोटी मी पुढची काही वर्षे या बँडचा माग काढला. त्यातून जे हाती आले ते या लेखात मांडतो आहे. मी ज्या प्रश्नापासून सुरुवात केली तो प्रश्न शेवटी मला चुकीचा वाटू लागला. तसे का झाले, तेही सांगणार आहे.

हे संगीत आहे तरी काय?

डेथ मेटल हा रॉक संगीताचा एक टोकाचा प्रकार. १९८०च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत, विशेषतः फ्लोरिडा राज्यात, तो आकाराला आला. गिटारच्या तारा नेहमीपेक्षा खालच्या स्वरात लावायच्या आणि विद्युत यंत्राने तो आवाज खरखरीत, जाड करायचा. ड्रमवाल्याने दोन्ही पायांनी दोन पेडल चालवत खालचा मोठा ढोल सतत घुमता ठेवायचा. गायकाने स्वर लावायचा नाही, घशातून गुरगुरायचे. हे गुरगुरणे म्हणजे नुसते ओरडणे, असा माझा समज होता. प्रत्यक्षात त्याचे तंत्र आहे. मुख्य स्वरतंतूंच्या वर ज्या घड्या असतात त्या कंप पावतील अशा रीतीने श्वास सोडावा लागतो. तंत्र न शिकता हे करणाऱ्याचा घसा बसतो.

या प्रकाराला ज्याच्यामुळे नाव मिळाले असे अनेक जण मानतात, त्या बँडचे नावच ‘डेथ’. त्याचा सूत्रधार चक शुल्डिनर. १९८७ साली त्यांचा पहिला अल्बम आला तेव्हा रक्त, प्रेते आणि भय हाच विषय होता. पण शुल्डिनर तिथे थांबला नाही. १९९१च्या ‘ह्यूमन’ या अल्बमपासून त्याने ताल बदलत्या मात्रांचे केले, रचना गुंतागुंतीच्या केल्या आणि शब्दांत माणसाचे मन आणले. त्याच सुमारास ‘एथिइस्ट’ आणि ‘सिनिक’ या फ्लोरिडातल्याच बँडांनी जॅझची वळणे या संगीतात आणली. अशा डेथ मेटलला ‘प्रोग्रेसिव्ह’ म्हणतात. लांब रचना, मध्येच शांत जागा, एकाच गाण्यात अनेक ताल. पुढे स्वीडनच्या ‘ओपेथ’ने हा मार्ग जगभर पोहोचवला. शुल्डिनर डिसेंबर २००१ मध्ये मेंदूच्या गाठीने गेला. वय अवघे चौतीस.

डिमॉनिक रिझरेक्शनचे संगीत या घराण्यातले आहे, पण शुद्ध नाही. त्यात ब्लॅक मेटल या युरोपीय प्रकाराचा थंड, उदास रंग आहे, कीबोर्डवर उभा केलेला वाद्यवृंद आहे आणि गुरगुरण्याच्या मधोमध अचानक येणारे सुरेल गाणे आहे. रचना लांब आणि वळणावळणाच्या. हा संकर कोणत्या मातीत झाला, हे समजून घ्यायला मुंबईकडे वळावे लागते.

धोबी तलावचे रंगभवन

मुंबईत रॉक संगीत नवे नव्हते. १९८४ साली सुरू झालेल्या ‘रॉक मशीन’ने दुसऱ्यांची गाणी वाजवणे सोडून स्वतःची इंग्रजी गाणी करण्याचा पायंडा पाडला. १९९३ साली याच बँडने ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले. १९८६पासून फरहाद वाडिया यांनी ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा वार्षिक महोत्सव सुरू केला. त्याचे घर धोबी तलावचे रंगभवन. झेवियर्स कॉलेजला लागून असलेले हे सरकारी खुले नाट्यगृह. ‘जॅझ यात्रा’ही याच जागी भरत असे. उपनगरांतली मुले लोकल पकडून, काळे टीशर्ट घालून इथे येत. वर्षभर ज्यांच्या कॅसेटच्या नकला ऐकल्या त्या गाण्यांच्या जवळ जाणारे काहीतरी कानांनी प्रत्यक्ष ऐकण्याची ही एक मोठी जागा होती.

१९९३ साली अलाहाबादहून अमित सैगल यांनी ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे मासिक सुरू केले. मुंबई, बंगळूर, शिलाँग, दिल्ली इथल्या मुलांना आपल्यासारखे आणखी कोणी आहे हे कळण्याची सोय त्यातून झाली. छोट्या मासिकांनी एखादी चळवळ कशी बांधली जाते, हे या अंकाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

२००० साली केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. रुग्णालय, शिक्षणसंस्था आणि न्यायालय यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरला. रंगभवनाच्या शेजारी कॉलेज आणि जवळच कामा व गोकुळदास तेजपाल ही रुग्णालये. पुढच्या काही वर्षांत तिथले मोठ्या आवाजाचे कार्यक्रम बंद झाले. नियम चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. आजारी माणसाच्या उशाशी ढोल वाजू नये, हे लग्नाच्या बँडवाल्यांनाही मान्य असते. पण ती जागा गेल्यावर तिच्या बदल्यात दुसरी जागा कोणी उभी केली नाही. इंडिपेंडन्स रॉकला अंधेरीच्या चित्रकूट मैदानासारख्या ठिकाणी जावे लागले. लहान बँडांना तर मैदान भाड्याने घेणेही परवडणारे नव्हते.

ज्या वर्षी हे नियम झाले, त्याच वर्षी डिमॉनिक रिझरेक्शनची सुरुवात झाली.

सगळे हाताने

बँडचा संस्थापक, गायक आणि गिटारवादक साहिल मखिजा. मेटलच्या जगात तो ‘डिमन्स्टीलर’ या टोपणनावाने ओळखला जातो. बँडचा पहिला अल्बमही याच नावाचा, २०००चा. तेव्हा भारतात डेथ मेटलचे ध्वनिमुद्रण करणारा स्टुडिओ शोधून सापडला नसता. चित्रपटसंगीत आणि जाहिराती यांवर चालणाऱ्या स्टुडिओतल्या तंत्रज्ञाला गुरगुरणारा आवाज आणि घुमणारे दोन पेडल कसे पकडावेत, हे माहीत असण्याचे कारण नव्हते. गिटारचा खरखराट कमी करणे हेच त्याचे काम. इथे तो खरखराट हवा होता.

मग मखिजाने ध्वनिमुद्रण स्वतः शिकून घेतले आणि स्वतःचा स्टुडिओ उभा केला. अल्बम काढायला कंपनी मिळणार नव्हती, म्हणून ‘डिमन्स्टीलर रेकॉर्ड्स’ ही स्वतःची कंपनी काढली. वाजवायला जागा नव्हती, म्हणून ‘रिझरेक्शन’ नावाने मैफली भरवल्या, त्यात इतर बँडांनाही बोलावले. गायक, वादक, ध्वनिमुद्रक, प्रकाशक आणि आयोजक असा एकच माणूस. पुढे त्याने ‘हेडबँगर्स किचन’ हा मेटल आणि स्वयंपाक यांचा मिलाफ असलेला दृक्‌श्राव्य कार्यक्रम केला. मेटलशी काही घेणेदेणे नसलेल्या कितीतरी लोकांना तो त्या पाककृतींमुळेच माहीत आहे.

माझ्या बँडपथकांच्या वह्यांत अशी माणसे पानोपानी आहेत. सांगलीकडून नाहीतर लष्करातून परतलेल्या कोणा वादकाकडून क्लॅरिनेट शिकायचे, मेरठहून वाद्ये मागवायची, स्वरलिपी येत नाही म्हणून रेडिओवरचे गाणे ऐकून बसवायचे, पत्रिका स्वतः छापायची, सुपारी स्वतः घ्यायची आणि वाद्याची झडप बिघडली तर तीही स्वतः दुरुस्त करायची. कोणत्याही संगीत विद्यालयाने, अकादमीने किंवा वृत्तपत्राच्या संगीतसमीक्षकाने यांची दखल घेतली नाही. दोन्ही बँडांचे संगीत एकमेकांपासून कोसभर दूर आहे. उभे राहण्याची रीत मात्र एकच आहे. आधी गरज, मग ती भागवणारी संस्था, आणि संस्था म्हणजे बहुधा एकच माणूस व त्याच्या घरची एक खोली.

काळोखाची त्रयी

२००५ साली ‘अ डार्कनेस डिसेंड्स’ आला. २००७ साली ‘बियाँड द डार्कनेस’ ही छोटी ध्वनिमुद्रिका आणि २०१० साली ‘द रिटर्न टू डार्कनेस’. काळोखाची ही त्रयी दहा वर्षांच्या कामाचा गाभा आहे. शेवटच्या अल्बमवेळी कीबोर्डवर ‘मेफिस्टो’ हे टोपणनाव घेतलेला वादक, ड्रमवर वीरेंद्र कैथ, बासवर हुसेन बंदुकवाला आणि दुसऱ्या गिटारवर डॅनियल रेगो. ही नावे एकत्र वाचली की मुंबईचे कोणतेही एक कॉलेज आठवते. 

‘द रिटर्न टू डार्कनेस’ भारतात डिमन्स्टीलर रेकॉर्ड्सने काढला आणि भारताबाहेर इंग्लंडच्या ‘कँडललाइट रेकॉर्ड्स’ने. मेटलच्या रसिकाला या दुसऱ्या नावाचे महत्त्व लगेच कळते. ज्या ओपेथचा उल्लेख वर आला, त्यांचा पहिला अल्बम ‘ऑर्किड’ १९९५ साली याच कंपनीने काढला होता. त्याच वर्षी नॉर्वेतल्या ऑस्लो शहरातल्या ‘इन्फर्नो’ महोत्सवात हा बँड वाजला. इंग्लंडच्या ‘मेटल हॅमर’ मासिकाच्या ‘गोल्डन गॉड्स’ पुरस्कारांत ‘ग्लोबल मेटल’ हा सन्मानही त्यांना २०१०मध्येच मिळाला.

तोवर आजूबाजूचे चित्रही बदलले होते. २००३ साली मुंबईत ‘भयानक मौत’ सुरू झाला, २००७च्या सुमारास ‘गट्स्लिट’. शिवाय ‘झिग्नेमा’, ‘स्क्राइब’. मार्च २००७मध्ये ‘आयर्न मेडन’ बंगळूरला आला आणि १ फेब्रुवारी २००८ रोजी त्यांनी आपल्या जागतिक दौऱ्याची सुरुवातच मुंबईतून केली. इतकी वर्षे कॅसेटवर ऐकलेली माणसे वांद्रे-कुर्ला संकुलात समोर उभी होती. 

तरीही पैसा नव्हता. डेथ मेटल वाजवून मुंबईत घर चालत नाही. वादक नोकऱ्या करत, बँड सोडत, नवे येत. २०१४ साली ‘द डिमन किंग’ आला तेव्हाही हीच ओढाताण होती. बँडचा इतिहास म्हणजे अल्बमांची यादी, असे आपण मानतो. पण दोन अल्बमांच्या मधली चार-पाच वर्षे कशी गेली, हाही इतिहासच. लग्नाच्या बँडवाल्याला विचारा, लग्नसराई संपल्यावर काय करता. खरी माहिती तिथून सुरू होते.

दहा अवतार

आणि मग २०१७ साली ‘दशावतार’. दहा गाणी, दहा अवतार. काही ठिकाणी भारतीय वाद्यांचे स्वर. 

या विषयावर मेटल करणारा हा पहिला बँड नव्हे. सिंगापूरमधला भारतीय वंशाच्या वादकांचा ‘रुद्र’ १९९०च्या दशकापासून उपनिषदे आणि वेदान्त यांवर डेथ मेटल करतो. पण मुंबईच्या या बँडने इतकी वर्षे काल्पनिक राक्षसांच्या आणि काळोखाच्या इंग्रजी कथा सांगितल्यानंतर पुराणांकडे यावे, याला अनेकांनी ‘मुळांकडे परत येणे’ असे म्हटले असते. मीही सुरुवातीला तेच म्हणत होतो. या लेखाचे पहिले शीर्षकही मी तसेच योजले होते. 

मला अडवले ते नवव्या गाण्याने.

कुर्डुवाडी हे पंढरपूरच्या वाटेवरचे जंक्शन. १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉपच्या बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी इथून सुटू लागली, तेव्हा या स्टेशनाचे नाव ‘बार्शी रोड’ होते. पुढे हाच फाटा पंढरपूरला गेला आणि वारकऱ्यांच्या कित्येक पिढ्या आमच्या फलाटावर गाडी बदलून विठ्ठलाकडे गेल्या. महाराष्ट्रातल्या जुन्या पंचांगांवर आणि काही मंदिरांतल्या दशावतारांत नवव्या जागी कमरेवर हात ठेवलेला विठ्ठल दिसतो. बौद्ध अवतार म्हणजे पंढरीचा विठोबा, अशी इथली एक समजूत होती. मराठी परंपरेतून आलेल्या माणसाला ही जागा अशी परिचयाची आहे. 

दुसऱ्या बाजूने, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे मानण्यास स्पष्ट नकार आहे. आमच्याच गल्लीत अशी घरे आहेत, जिथे नवव्या जागी बुद्धाचे नाव वाचून माणूस दुखावेल. आणि पाचवे गाणे वामनाचे. वामनाने पाताळात घातलेल्या बळीचे राज्य यावे, असे आपण ज्या दिवशी म्हणतो तो बलिप्रतिपदेचा दिवस याच दिवाळीत येतो. महात्मा फुल्यांनी तर बळीराजालाच आपला मानले. म्हणजे ज्या यादीला आपण सहज ‘आपली’ म्हणतो, तिच्यातली प्रत्येक जागा महाराष्ट्रात वादाची आहे. अल्बममधली यादी ही देशभर कॅलेंडरांवर छापली जाणारी यादी आहे. बँडला ती घेण्याचा पूर्ण अधिकार आहे, आणि गाणी ताकदीची आहेत. नरसिंह हे आमच्याकडच्या कित्येकांचे कुलदैवत, नीरा-नरसिंहपूर फार दूर नाही. खांब फोडून बाहेर येणाऱ्या देवाला हे संगीत शोभते, असे मला चौथे गाणे ऐकताना प्रामाणिकपणे वाटले. 

पण एवढ्याने बँड ‘आपला’ झाला का? आणि ‘अ डार्कनेस डिसेंड्स’ करत होता तेव्हा तो परका होता का?

आपले म्हणजे काय

मी हा प्रश्नच उलटा विचारत होतो. संगीत कोणत्या देवाचे नाव घेते यावर ते कुठले आहे हे ठरवायला गेलो की लग्नाच्या बँडचीही सुटका नाही. वाद्ये विलायती, डगला लष्करी आणि गाणी मुंबईच्या चित्रपटांतली. तरी त्याच्याशिवाय आमच्याकडे वरात निघत नाही. बाजाची पेटी घ्या. परदेशी वाद्य म्हणून आकाशवाणीने १९४०पासून १९७१पर्यंत तिला दार बंद ठेवले होते. त्याच काळात कीर्तनात, भजनात आणि संगीत नाटकात मराठी माणूस तिच्यावरच गात होता. वाद्य कुठे जन्मले हे पाहणाऱ्यांना ते कुठे रुजले हे दिसले नाही.

डिमॉनिक रिझरेक्शन मुंबईचा आहे, तो दशावतारामुळे नाही. ज्या शहरात रंगभवन होते आणि नंतर नव्हते, जिथे एका खोलीत वाद्ये ठेवायला जागा नसते, जिथे आठवडाभर नोकरी करून रविवारी तालीम होते, त्या शहराने तो घडवला. काळोखाची त्रयी हीसुद्धा तेवढीच मुंबईची आहे. त्यांनी इंग्रजीत गायले. मराठीत या दर्जाचे डेथ मेटल ऐकायला मला आवडेल, पण ती माझी इच्छा झाली. इतिहास लिहिताना आपल्या इच्छेला बाजूच्या खुर्चीवर बसवावे लागते.

मखिजाने स्वतःच्या नावाने जे अल्बम केले त्यांतला २०२३चा ‘द प्रोपगंडा मशीन’ असत्य प्रचार आणि सत्ता यांवर आहे. पुराणकथांकडून तो समोरच्या काळाकडे आला. ‘मुळांकडे परतण्या’च्या कथेत हा अल्बम बसत नाही. म्हणून ती कथा मी सोडून दिली आणि शीर्षक बदलले.

आता उरते ती काळजी. हा इतिहास फार जुना नाही, अवघ्या पंचवीस वर्षांचा. तरी तो हातातून निसटतो आहे. मैफलींची भित्तिपत्रके झेरॉक्सची, ती फाटली. पहिल्या ध्वनिमुद्रणांच्या सीडी घासल्या. जी चर्चा संगणकावर झाली ती त्या त्या संकेतस्थळासोबत नाहीशी झाली. रॉक मासिकांचे जुने अंक आमच्या जिल्ह्यातल्या कोणत्याही वाचनालयात मला आढळले नाहीत. एका जुन्या बँडमास्तरांनी पन्नास वर्षांच्या सुपाऱ्यांची वही मला दाखवायचे कबूल केले होते. मी दोन महिने उशिरा पोहोचलो. घर रंगवताना रद्दी दिली, असे सुनेने सांगितले. तिची चूक नव्हती. ती वही म्हणजे इतिहास आहे, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

मुंबई, ठाणे, पुणे इथल्या वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर रंगभवनाची तिकिटे, एखाद्या बँडची पहिली कॅसेट किंवा मैफलीचे पत्रक असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत ते टाकू नका. त्यावर तारीख घाला, जागा लिहा, कोण वाजवत होते ते लिहा. संगीत आवडले नसले तरी चालेल. 

आमच्याकडे अजून नरसिंहाचे गाणे लागले की सौ. दार लावून घेतात. मी मात्र परवा एका तरुण ड्रमवाल्याला, लग्नाच्या बँडमधल्या, ते ऐकवले. त्याने डोळे मिटून बोटांनी टेबलावर पायांचा ताल धरून पाहिला आणि विचारले, “काका, हा माणूस दोन्ही पायांनी वाजवतोय का?” मी होय म्हणालो. तो म्हणाला, “परत लावा.”